चौकटींच्या पटावरील प्रबलन-अध्ययन: अंमलबजावणी आणि चाचणी

ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती पुन्हा घडण्याची शक्यता वाढते, हा थॉर्नडाइकचा नियम मानसशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. संगणकशास्त्रातील ‘रिइन्फोर्समेंट लर्निंग’ अर्थात प्रबलन-अध्ययन ही शाखा याच कल्पनेवर उभी आहे. रिचर्ड सटन व अँड्र्यू बार्टो यांच्या १९९८ च्या ग्रंथाने तिला सुसूत्र रूप दिले. २०२४ चा ट्युरिंग पुरस्कारही या दोघांनाच मिळाला. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हा विषय आता रुळला आहे. अशा प्रकल्पाची परीक्षा कशी घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. कारण अहवालात पुरावा म्हणून जोडलेला चढता आलेख प्रत्यक्षात फारच थोडे सिद्ध करतो.

उदाहरणादाखल वरील ग्रंथातीलच ‘कड्यावरील चाल’ घेऊ. ४ ओळी व १२ स्तंभांचा पट. खालच्या ओळीत डावीकडे आरंभ, उजवीकडे लक्ष्य आणि मधली १० घरे म्हणजे कडा. प्रत्येक पावलास उणे १ गुण; कड्यावरून पडल्यास उणे १०० आणि पुन्हा आरंभापासून. कर्नाळ्याच्या सुळक्याखाली उभे राहिलेल्या पनवेलकरास हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. एजंटला पटाचा नकाशा ठाऊक नसतो. प्रत्येक घरातील प्रत्येक दिशेचे अंदाजित मूल्य तो एका तक्त्यात ठेवतो व अनुभवागणिक दुरुस्त करतो. बहुतेक वेळा तो सर्वोत्तम वाटणारी दिशा घेतो. मात्र शोध चालू राहावा म्हणून, समजा १० टक्के वेळा, चारांपैकी कोणतीही दिशा यदृच्छेने निवडतो.

क्रिस्टोफर वॉटकिन्स यांनी १९८९ च्या प्रबंधात मांडलेली ‘क्यू-लर्निंग’ पद्धत दुरुस्ती करताना पुढील घरातील सर्वाधिक मूल्य धरते. ‘सारसा’ पद्धत प्रत्यक्षात निवडलेल्या पुढील कृतीचे मूल्य धरते. भेद एका पदाचा आहे, पण वाटा निराळ्या होतात. क्यू-लर्निंग कड्यालगतची १३ पावलांची लघुतम वाट शिकते. सारसा कड्यापासून दूर राहते. अगदी वरच्या ओळीतून गेल्यास १७ पावले लागतात. कारण साध्या गुणाकाराने कळते. कड्यालगतच्या प्रत्येक घरात यदृच्छेने खाली पाऊल पडण्याची संभाव्यता ०.१ × ०.२५ = ०.०२५, अशी १० घरे ओलांडताना पडण्याची शक्यता सुमारे २२ टक्के. चार पावले वाचवण्यासाठी हा धोका महागच! म्हणूनच अध्ययन चालू असताना सारसाची सरासरी गुणसंख्या सरस दिसते, आणि केवळ आलेख पाहणारा परीक्षक लघुतम वाट शोधणाऱ्या पद्धतीलाच कमी लेखतो.

येथे पटाचा खरा उपयोग लक्षात येतो: त्याचे उत्तर कागदावर काढता येते. प्रथम पर्यावरणच तपासावे. भिंतीवर आपटल्यास एजंट जागीच राहतो का? लक्ष्य गाठताच फेरी संपते का, आणि तेथून पुढचे मूल्य शून्य धरले आहे का? ही शेवटची चूक हमखास आढळते व आलेखात ती दिसेलच असे नाही. भविष्यातील गुणांना सूट दिली नसेल, तर क्यू-लर्निंगमध्ये लक्ष्याच्या लगेच वरच्या घरातून खाली येण्याचे मूल्य उणे १ वर आणि आरंभस्थानी सर्वोत्तम कृतीचे मूल्य उणे १३ वर स्थिरावले पाहिजे. यानंतर यदृच्छ निवड बंद करून शिकलेली वाट स्वतंत्रपणे मोजावी, आणि यादृच्छिक अंकांचे बीज बदलून संपूर्ण प्रयोग निदान ३० वेळा करावा. एकाच धावेचा आलेख अहवालात स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पटावर वारा सोडला, म्हणजे पाऊल कधी कधी भलतीकडे पडू दिले, की अध्ययन-दर स्थिर ठेवून भागत नाही. मूल्ये हेलकावत राहतात. रॉबिन्स व मन्रो यांच्या १९५१ च्या अटींनुसार दर घटत जावा: त्यांची बेरीज अनंत, पण वर्गांची बेरीज सांत. अशा पद्धतींचे स्थैर्य व अभिसरण विकलक समीकरणांच्या साहाय्याने सिद्ध करण्याचा मार्ग विवेक बोरकर व शॉन मेन यांच्या २००० मधील शोधनिबंधाने सुकर केला. बोरकरांचे पुढील बरेच कार्य मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व नंतर आयआयटीत झाले. वाऱ्याच्या पटाचे अचूक उत्तर तोंडी काढता येत नाही, परंतु ४८ घरांसाठी गतिक प्रायोजनाने ते क्षणात मिळते. विद्यार्थ्याने ते आधी काढून ठेवावे आणि एजंटच्या तक्त्याशी घरागणिक ताडून पाहावे.