साठ दिव्यांचे कडे आणि सूक्ष्मनियंत्रकाचे घड्याळ

मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत लहान कालावधी अचूक मोजण्याची गरज पहिल्यापासून भासत आली आहे. पूर्वी याकरिता ऑसिलोस्कोप किंवा मुद्दाम बनवून घेतलेली यंत्रे लागत. आता रंगीत प्रकाश देणारे डायोड आणि सूक्ष्मनियंत्रकाचे पट्ट अल्प किमतीत मिळू लागल्यामुळे पदव्युत्तर विद्यार्थी आपले उपकरण स्वतःच जुळवू शकतात. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि या जोडणीत एक दोष असा दडलेला आहे की, उपकरण डोळ्यांना निर्दोष चालताना दिसते आणि त्याने केलेली कालनोंद मात्र चुकलेली असते. हा दोष कसा उद्भवतो व कसा टाळावा, याचा विचार एका प्रसिद्ध प्रयोगाच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

लिबेट यांची तबकडी

बेंजामिन लिबेट व त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रयुक्तासमोर ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर प्रकाशाचा एक ठिपका वर्तुळाकार फिरत असे. त्याची एक फेरी २.५६ सेकंदांत पुरी होई. परिघाचे घड्याळाप्रमाणे साठ भाग केलेले असल्यामुळे एक भाग सुमारे ४३ मिलिसेकंदांचा होता. प्रयुक्ताने मनास येईल तेव्हा हात हलवावयाचा, आणि तशी इच्छा प्रथम जाणवली त्या क्षणी ठिपका कोठे होता, हे मागाहून सांगावयाचे, अशी योजना होती. ही जाणीव हालचालीपूर्वी सरासरीने सुमारे २०० मिलिसेकंद होते, असे आढळले. मेंदूतील पूर्वतयारीचा विद्युत्संकेत मात्र सुमारे ५५० मिलिसेकंद आधीच सुरू झालेला असे. इच्छास्वातंत्र्याविषयीचा पुढील सारा वाद या दोन आकड्यांमधील अंतरावर उभा आहे. सबब, हा प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्याच्या घड्याळात दोनशे मिलिसेकंदांची चूक निघाली, तर त्याच्या निष्कर्षास काहीच अर्थ उरणार नाही.

एका तारेवरील संदेश

अशा तबकडीऐवजी साठ रंगीत दिव्यांचे कडे वापरण्याची कल्पना सहज सुचते. डब्ल्यूएस २८१२बी या जातीच्या दिव्यांची कडी तयार मिळतात. प्रत्येक दिव्यात तांबडा, हिरवा व निळा असे तीन डायोड आणि त्यांचे नियमन करणारी एक चिप असते. पाच व्होल्ट, ग्राउंड व संदेश अशा तीनच तारा जोडाव्या लागतात. प्रत्येक दिव्यास हिरवा, तांबडा, निळा या क्रमाने आठ-आठ, म्हणजे एकूण चोवीस बिटे पाठवावयाची असतात. पहिला दिवा आपली चोवीस बिटे ठेवून घेतो व उरलेली पुढे सोडतो.

या पद्धतीत ‘शून्य’ आणि ‘एक’ यांतील भेद केवळ स्पंदाच्या लांबीवरून ओळखला जातो. शून्यासाठी दाब ०.४ मायक्रोसेकंद उंच राहतो, एकासाठी ०.८ मायक्रोसेकंद. एका बिटास एकंदर १.२५ मायक्रोसेकंद लागतात. आर्डुइनो ऊनो या पट्टावरील एटीमेगा ३२८पी हा नियंत्रक १६ मेगाहर्ट्झवर चालतो. म्हणजे एका बिटाकरिता त्यास अवघी वीस आवर्तने मिळतात. मध्येच त्याने दुसरे काम हाती घेतले, तर शून्याचा एक होऊन रंग बिघडेल. म्हणून दिव्यांसाठी प्रचारात असलेल्या आज्ञासंग्रहांत संदेश जाईपर्यंत सर्व इंटरप्ट बंद ठेवण्याची पद्धत आहे. साठ दिव्यांसाठी हा काळ ६० × २४ × १.२५, म्हणजे १८०० मायक्रोसेकंद होतो.

हरवलेले ठोके

आता याच नियंत्रकाचे घड्याळ कसे चालते ते पाहू. त्यातील एक गणक दर चार मायक्रोसेकंदांनी एक-एक पाऊल पुढे सरकतो. २५६ पावले झाली की, म्हणजे दर १०२४ मायक्रोसेकंदांनी, तो पुन्हा शून्यावर येतो व इंटरप्टच्या द्वारे एका ठोक्याची नोंद करवितो. इंटरप्ट बंद असताना ठोका पडल्यास त्याची खूण राहते व नोंद मागाहून होते. परंतु अशी खूण एकच राहू शकते. त्या अवधीत दुसरा ठोका पडला, तर तो कायमचा हरवतो.

१८०० मायक्रोसेकंदांच्या अवधीत कधी एक ठोका पडतो, कधी दोन. ठिपका दर ४२.६७ मिलिसेकंदांनी, मायक्रोसेकंदांच्या मोजणीवरून, पुढे सरकविला, तर दर तीन पावलांत दोन किंवा तीन ठोके हरवतात, असे गणिताने दाखविता येते. म्हणजेच एका फेरीत ४० ते ६० ठोके, अर्थात सुमारे ४१ ते ६१ मिलिसेकंद नाहीसे होतात. दर फेरीस घड्याळ जवळजवळ एका दिव्याच्या किंवा त्याहून अधिक अंतराने मागे पडते.

केवळ ठिपक्याच्या जागेवरून २०० मिलिसेकंदांचा अवधी काढावयाचा असेल, तर ही चूक फारशी जाणवणार नाही. कारण फेरी दोन टक्क्यांच्या आसपासच लांबते. परंतु हालचालीची वेळ नियंत्रकाच्या घड्याळावर आणि मेंदूतील विद्युत्संकेत वेगळ्या यंत्रावर नोंदविले जात असतील, व दोहोंचा मेळ केवळ आरंभीच घातला असेल, तर तूट साचत जाते. पाच फेऱ्यांनंतर, म्हणजे सुमारे १३ सेकंदांत, ती २०० मिलिसेकंदांवर पोहोचते. ज्या अवधीचा शोध घ्यावयाचा, तेवढीच चूक साधनाने स्वतःच निर्माण केलेली असते.

चालकपट्टाचा पर्याय

यावर एक उपाय असा की, दिव्यांचे नियमन पीसीए ९६८५ या चिपच्या चालकपट्टाकडे सोपवावे. या पट्टास सोळा निर्गम असतात व प्रत्येकाचे तेज ४०९६ पायऱ्यांत बदलता येते. एका रंगाच्या साठ दिव्यांस चार पट्ट पुरतात. तीन रंग हवे असल्यास १८० निर्गमांसाठी बारा पट्ट लागतील. लिबेट यांच्या प्रयोगास एकच रंग पुरेसा आहे.

संदेश आय-टू-सी पद्धतीने दोन तारांवरून जातो. त्यांपैकी एक तार केवळ ताल देण्यासाठी असल्यामुळे नियंत्रक मध्येच क्षणभर थांबला तरी अर्थ बिघडत नाही, आणि इंटरप्ट बंद करावे लागत नाहीत. एक दिवा विझवून पुढचा लावण्यास बारा बाइट पाठवावे लागतात. ४०० किलोहर्ट्झच्या तालावर हे काम सुमारे २७० मायक्रोसेकंदांत होते. एकदा दिलेले मूल्य पुढील आज्ञेपर्यंत चिप स्वतःच राखते.

जोडणी करताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ही चिप २५ मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह आत घेऊ शकते, पण बाहेर १० मिलिअँपिअरच देऊ शकते. म्हणून दिव्याचे धन टोक पाच व्होल्टला व ऋण टोक रोधकातून निर्गमास जोडणे श्रेयस्कर. अशा वेळी निर्गम खाली आला की दिवा लागतो, हे आज्ञावलीत लक्षात ठेवावे. तांबड्या डायोडवर सुमारे दोन व्होल्ट खर्च होतात. उरलेल्या तीन व्होल्टांसाठी ३३० ओहमचा रोधक घातल्यास सुमारे ९ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. पट्टावर आधीच रोधक बसविलेले असल्यास तेवढे वजा करावेत. चारही पट्टांचे पत्ते भिन्न असले पाहिजेत, आणि नियंत्रकाचे व पट्टांचे ग्राउंड एकमेकांस जोडलेले असले पाहिजे.

तेज कमी करण्यासाठी चिप दिव्याची वेगाने उघडझाप करते. २०० हर्ट्झवर एक आवर्तन ५ मिलिसेकंदांचे होते, ते या कामास मोठे आहे. आवर्तन ठरविणाऱ्या रजिस्टरमध्ये ५ हा अंक ठेवल्यास २५ मेगाहर्ट्झ भागिले ४०९६ × ६, म्हणजे सुमारे १०१७ हर्ट्झ मिळतात. हा अंक चिप निद्रावस्थेत असतानाच बदलता येतो.

पडताळा

कोणतीही जोडणी पत्करली, तरी एक पडताळा अवश्य घ्यावा. कड्यातील एका दिव्यासमोर प्रकाशसंवेदी डायोड ठेवून त्याचा संकेत मेंदूच्या विद्युत्संकेतांसमवेत त्याच आलेखयंत्रावर नोंदवावा. दोन चमकांमधील अंतर २.५६ सेकंद भरते किंवा नाही, हे आलेखावरूनच कळेल. त्याच यंत्रास हालचालीची कळही जोडली, तर नियंत्रकाच्या घड्याळावर अवलंबून राहण्याचे कारण उरत नाही. प्रबंधात साधनाचे वर्णन करताना या पडताळ्याचे आकडे दिले जावेत, अशी अपेक्षा परीक्षकांनी ठेवणे रास्त ठरेल.