अपघात, राजीनामे आणि न विचारलेले प्रश्न

२३ नोव्हेंबर १९५६ ची पहाट. तेव्हाच्या मद्रास राज्यात अरियालूरजवळ पुराने रेल्वेपूल वाहून गेला आणि तुतिकोरिन एक्स्प्रेसचे डबे नदीत कोसळले. शंभराहून कितीतरी अधिक माणसे गेली. तीनच महिन्यांपूर्वी महबूबनगरजवळ पूल खचून असाच हाहाकार उडाला होता. त्या वेळी रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्रींनी देऊ केलेला राजीनामा नेहरूंनी परत केला होता. अरियालूरनंतर मात्र तो स्वीकारला. शास्त्रींचा व्यक्तिशः दोष नाही, पण संसदीय जबाबदारीचा पायंडा पडला पाहिजे, अशी भूमिका नेहरूंनी लोकसभेत मांडली.

आजही अपघात झाला की आपण शास्त्रींची आठवण काढतो, सध्याच्या मंत्र्याकडे राजीनामा मागतो आणि आठ दिवसांत विषय सोडून देतो. शास्त्रींचे मोठेपण वादातीत आहे. पण जवळपास सत्तर वर्षांचा मागोवा घेतला तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. राजीनाम्याने मंत्री बदलतो. रुळाला गेलेला तडा किंवा सिग्नलची चुकलेली जोडणी दुरुस्त होते ती कुणीतरी चिकाटीने विचारत राहिले तरच. हे विचारत राहण्याचे काम संसदेचे आहे आणि तिथेच आपण कमी पडलो आहोत.

२ ऑगस्ट १९९९ रोजी पश्चिम बंगालमधल्या गैसल स्थानकात दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. अडीचशेहून अधिक प्रवासी दगावले आणि नितीशकुमारांनी रेल्वेमंत्रिपद सोडले. पण लोकसभा एप्रिलमध्येच विसर्जित झालेली होती. जाब विचारायला ते सभागृहच अस्तित्वात नव्हते. पुढच्याच वर्षी ममता बॅनर्जींनी आणि २०१७ मध्ये खतौलीच्या अपघातानंतर आपल्या कोकणातल्या सुरेश प्रभूंनी पद सोडण्याची तयारी दाखवली. प्रभूंकडचे खाते काही दिवसांत बदलले.

खरा फरक पडला तो पैसा आणि पाठपुरावा एकत्र आले तेव्हा. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना समितीच्या शिफारशींनंतर २००१ मध्ये १७,००० कोटी रुपयांचा विशेष सुरक्षा निधी उभा राहिला. त्यातून जुने रूळ, पूल आणि सिग्नल बदलण्याचे काम हाती घेतले गेले. २०००-०१ मध्ये ४७३ मोठे अपघात नोंदले गेले होते. २०२३-२४ मध्ये हा आकडा ४० वर आला, असे सरकारने संसदेत सांगितले आहे. ही घट खरी आहे आणि तिचे श्रेय रेल्वेच्या कामगारांना, अभियंत्यांना दिलेच पाहिजे.

मात्र मुंबईत लोकलमधून पडून किंवा रूळ ओलांडताना मरणारी माणसे या ४० मध्ये धरलेली नसतात. २०१२ मध्ये डॉ. अनिल काकोडकर समितीने दाखवून दिले की रूळ ओलांडताना देशात वर्षाला सुमारे १५,००० माणसे मरतात आणि त्यांतली सुमारे ६,००० मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. समितीने पाच वर्षांत एक लाख कोटी रुपयांच्या खर्चाची आणि स्वतंत्र, वैधानिक सुरक्षा प्राधिकरणाची शिफारस केली. महिनाभरात रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदींनी सुरक्षेचा दाखला देत अर्थसंकल्पात भाडेवाढ सुचवली आणि त्यांच्याच पक्षाने त्यांना मंत्रिपदावरून दूर केले. सुरक्षेसाठी पैसा मागणाऱ्या मंत्र्याला घरी जावे लागले, याची बोच कुठल्याच पक्षाला लागली नाही.

पुढे २०१७ मध्ये एक लाख कोटींचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष आला. त्यातला पैसा कुठे गेला, हे महालेखापरीक्षकांनी डिसेंबर २०२२ मध्ये संसदेपुढे ठेवले. या कोषातून पायांना मालिश करणारी यंत्रे, भांडीकुंडी, फर्निचर आणि हिवाळी जाकिटे घेतली गेली होती. दुसरीकडे रूळ तपासणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्या ठरल्यापेक्षा ३० ते १०० टक्के कमी पडल्या होत्या. एवढ्या अहवालावर लोकसभा दणाणायला हवी होती. पण २३ मार्च २०२३ रोजी, गदारोळातच, सगळ्या खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. त्यांत रेल्वेही होती. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, २ जूनला, ओडिशातल्या बहानगा बाजारच्या रेल्वे अपघातात २९० हून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. सिग्नलच्या जोडणीत पूर्वी केलेल्या चुकीच्या बदलामुळे गाडी भलत्याच रुळावर गेली, अशी कबुली जुलैमध्ये राज्यसभेतल्या लेखी उत्तरात आली.

त्या पावसाळी अधिवेशनात खासदारांनी गाड्यांची टक्कर टाळणाऱ्या ‘कवच’ यंत्रणेबद्दल विचारले. ती १,४६५ किलोमीटर मार्गावर बसवली आहे, असे उत्तर मिळाले. वर्षभराने, मधल्या काळात कांचनजंगा एक्स्प्रेसचा अपघात होऊन गेल्यावर, पुन्हा विचारले. आकडा तोच, १,४६५. यंत्रणेची नवी आवृत्ती तयार होत होती, हे सरकारचे म्हणणे दखल घेण्याजोगे आहे. पण उपप्रश्नाची गरज असते ती अशाच वेळी. अतारांकित प्रश्नाचे उत्तर कागदावर येते, त्यावर उपप्रश्न विचारता येत नाही. अपघातानंतर मंत्री लोकसभेत निवेदन करतात तेव्हा नियम ३७२ नुसार त्या वेळी प्रश्न विचारायलाच मनाई आहे. म्हणजे देश कान देऊन ऐकत असतो, नेमक्या त्याच क्षणी खासदार गप्प असतो.

एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलाबद्दल मुंबईच्या खासदारांनी आधीच पत्रे लिहिली होती. रुंद पूल कागदावर मंजूरही होता. २९ सप्टेंबर २०१७ ला तिथे चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यानंतर लष्कराने पाच महिन्यांच्या आत पूल उभा करून दाखवला. म्हणजे काम होण्यासारखे होते. तारखा मागणारे कुणी नव्हते.

काय बदलायला हवे, ते स्पष्ट आहे. रेल्वे सुरक्षा आयुक्तांचा वार्षिक अहवाल संसदेपुढे येतो. प्रत्येक मोठ्या अपघाताचा चौकशी अहवालही ठरावीक मुदतीत पटलावर यावा आणि त्यासोबत कोणती शिफारस कधी अमलात आली, याचा तक्ता असावा. निवेदनानंतर लोकसभेत प्रश्न विचारू द्यावेत. रेल्वेच्या मागण्या चर्चेविना मंजूर करू नयेत. आणि काकोडकरांनी सुचवलेले स्वतंत्र प्राधिकरण स्थापन करावे.

आपल्या खासदाराने रेल्वे सुरक्षेवर किती प्रश्न विचारले, हे संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. ते पाहा, आणि तो मत मागायला दारात येईल तेव्हा त्या प्रश्नांच्या उत्तरांचे पुढे काय झाले, हे त्याला विचारा.