अशोकवन की औषधिपर्वत?

चैत्र शुद्ध पौर्णिमेचा सूर्योदय म्हणजे मारुतिरायाच्या जन्माची घटका. बारामतीजवळच्या कन्हेरीचे मारुतिमंदिर पंचक्रोशीत सर्वश्रुत आहे. निवडणूक-प्रचाराचे नारळही येथे वर्षानुवर्षे फुटत आले आहेत. ज्याच्या पायरीवर एवढ्या चुरशीचा आरंभ होतो, त्या देवाच्या साक्षीने आज आम्ही एका निराळ्या चुरशीविषयी बोलणार आहोत. ती चुरस आहे झाडे लावण्याची.

गावांनी हिरवाईसाठी एकमेकांशी स्पर्धा करावी, ही कल्पना आपल्या राज्यात चांगली रुजली आहे. 2 ऑक्टोबर 2020 रोजी महाराष्ट्र शासनाने 'माझी वसुंधरा' अभियान आरंभिले. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांच्या नावाने गावांच्या व नगरांच्या कामास गुण द्यावयाचे, अशी त्याची रचना. पहिल्याच वर्षी 686 स्थानिक स्वराज्य संस्था त्यात उतरल्या. शास्त्रांतील पंचमहाभूते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आलेली पाहून आमच्यासारख्या पोथीवाल्यास धन्यता वाटली.

मात्र 'स्पर्ध्' या धातूचा अर्थ संस्कृतात संघर्ष असा दिला आहे, आणि संघर्ष म्हणजे मुळात घासणे. दोन अरणी एकमेकींवर घासल्या की यज्ञाचा अग्नी प्रकटतो. वाऱ्याने वाळके वेळू घासले की वणवा पेटतो. घर्षण तेच, फळ वेगळे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेच्या निमित्ताने एका गावी वृक्षपूजन झाले. गावाचे नाव घेत नाही, कारण दोष आमचाही आहे. मंत्र आम्हीच म्हटले. रात्री कीर्तनात मत्स्यपुराणातील पार्वतीची कथाही रंगवून सांगितली. तिने अशोकाचे रोप पुत्र मानून वाढविले आणि एक वृक्ष दहा पुत्रांच्या तोलाचा ठरविला. नारळ व दक्षिणा घेऊन आम्ही परतलो. पुढच्या चैत्रात त्याच वाटेने जाताना पाहिले, तर नावांच्या पाट्या ठसठशीत उभ्या आणि पाट्यांखाली नुसत्या काड्या! परीक्षक येऊन गेले होते, गुणही मिळाले होते. पाण्याची पाळी कोणाची, हे मात्र कोणी ठरविले नव्हते. दहा पुत्रांचे माहात्म्य सांगणारे आम्ही, आम्हीही तेथे एक तांब्या ओतला नव्हता.

'माझी वसुंधरा'चे पहिले पर्व 31 मार्च 2021 रोजी संपले. आपल्याकडे उन्हाचा खरा तडाखा त्यानंतर बसतो. माणसांची परीक्षा संपते, तेव्हा झाडाची सुरू होते. बारामती-इंदापूरचा मुलूख पर्जन्यछायेचा. निरा डाव्या कालव्याकाठी ऊस डोलतो, तर जिरायत गावांत वैशाखात हंडे मोजून पाणी वापरावे लागते. तेथे शोभेचे नाजूक झाड लावून गुण मिळवावेत, की कडुनिंब लावून सावली मिळवावी? मारुतिरायास प्रिय असलेली रुई तर बांधावर कोणी न लावता, न शिंपता वाढते. देवाने आपली आवड आपल्या मातीकडे पाहूनच ठरविली असावी, असे आम्हांस वाटते.

याच देवाच्या चरित्रात दोन उद्याने आहेत. पहिले लंकेतील अशोकवन. शोभेत त्यास तोड नव्हती. परंतु ते एकाच्या अहंकारासाठी फुललेले, आणि त्यात जानकी बंदिवान. हनुमंताने ते मोडून टाकले. दुसरा हिमालयातील औषधिपर्वत. तो त्याने रणांगणावर आणला, मूर्च्छित वीर उठून बसले, आणि कार्य होताच पर्वत पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवला, असे वाल्मीकी सांगतात. आपल्या गावची बाग या दोहोंपैकी कोणती, हे प्रत्येक गावाने स्वतःस विचारावे.

सहकार्याचा धडा शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. कन्हेरीजवळच्या काटेवाडीत आषाढवारीत तुकोबारायांची पालखी येते, तेव्हा परीट बांधव धोतरांच्या पायघड्या अंथरतात, मेंढपाळ मेंढ्यांचे रिंगण घालतात. जो तो आपल्या घरचे, आपल्या व्यवसायातले घेऊन येतो. बागेचेही तसेच व्हावे. मेंढ्या रोपे खातात म्हणून मेंढपाळास कुंपणाबाहेर ठेवण्यापेक्षा त्यास आधी बैठकीत बोलवावे. रानात मेंढ्या बसवून मिळणाऱ्या खताची किंमत शेतकऱ्यास ठाऊक आहेच. ज्याच्या विहिरीस पाणी आहे, त्याने पाणी द्यावे. लोहाराने जाळी, सुताराने खुंट द्यावेत. शाळेतील मुलांनी पाळ्या लावून घ्याव्यात. आणि परीक्षकांनीही तिसऱ्या चैत्रात पुन्हा येऊन जिवंत झाडे मोजावीत.

भाविकहो, आज जन्मकाळाचा सुंठवडा घेऊन मंदिरातून परतताना वाटेतल्या एखाद्या रोपास तांब्याभर पाणी घाला. ते आपल्या आळीचे आहे की शेजारच्या, हे पाहू नका. आम्हीही आज दुपारी त्या काड्यांच्या गावी निघालो आहोत. या खेपेस वीणा घरी आहे, हातात कळशी आहे.