मुंबई बघायची तर ओव्हलवर थांबा

मुंबई दर्शनाच्या बसमधून एका दिवसात सगळं उरकण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. बस थांबते, फोटो निघतात, बस सुटते. पाहुणे म्हणून आलेल्यांची घाई समजते. पण निदान एक सकाळ फोर्टसाठी राखून ठेवावी आणि ती पायी घालवावी.

सुरुवात सीएसएमटीपासून करा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आखलेल्या या इमारतीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि दहा वर्षं चाललं. फाटकाच्या एका खांबावर सिंह बसलाय, दुसऱ्यावर वाघ : सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. नक्षीतले मोर, माकडं, पानंफुलं घडवण्यात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. लोकलच्या तिकीटघरात शिरलात की मान वर करा. निळ्या छतावर सोनेरी तारे दिसतील.

तिथून हुतात्मा चौकामार्गे ओव्हल मैदान गाठा आणि मधोमध उभे राहा. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि २८० फुटी राजाबाई टॉवर. या दगडांमागे कापसाचा पैसा आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईतून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचा तट पाडला आणि इमारतींना जागा मोकळी झाली. कापसाचे बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी टॉवरसाठी दोन लाख रुपये दिले. त्याला नाव लागलं त्यांच्या आईचं.

आता पाठ फिरवा. पश्चिमेला आर्ट डेको इमारतींची रांग आहे : गोलसर कोपरे, लांबलचक छज्जे, फिक्या रंगांच्या भिंती. पूर्वी मैदानापलीकडे समुद्र होता. बॅकबेचा भराव पडला आणि १९३० च्या दशकात तिथे सिमेंट-काँक्रीटची ही घरं उठली. समोरची रांग सरकारी दिमाखाची, ही मात्र शहरातल्या सुखवस्तू कुटुंबांच्या राहत्या फ्लॅटची. अर्ध्या शतकात मुंबईची सत्ता, पैसा आणि आवड कशी बदलली, ते इथे मान वळवली की कळतं. इतकं समोरासमोर दुसरीकडे क्वचितच दिसेल. २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला, तोही या दोन्ही शैलींना मिळूनच.

तेव्हा पुढच्या खेपेला यादीतली दोन ठिकाणं खुशाल कमी करा. रविवारी सकाळी जा. कचेऱ्या बंद असतात, रस्ते मोकळे असतात. मुलांना सोबत न्या आणि दोन्ही बाजू नीट बघू द्या.