वाळवंटाच्या काठाने, दोघांच्या सायकलीवर

किनाऱ्याचा रस्ता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोकण उभे राहते. दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा मात्र, उत्तर चिलीपासून थेट पेरूतील लिमाच्याही पुढे, समुद्रात पाय सोडून बसलेले वाळवंट आहे. हम्बोल्ट हा थंड सागरी प्रवाह येथे ढगांना पाऊस होऊ देत नाही आणि पूर्वेकडून येणारे बाष्प अँडीज पर्वत अडवतो. आरिका या शहराची पावसाची वार्षिक सरासरी एक मिलिमीटरदेखील नाही. याच किनाऱ्याने माझ्याकडे नियमित येणारे, पन्नाशी ओलांडलेले एक दांपत्य आंतोफागास्ताहून लिमापर्यंत, दोन हजार किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर, सायकलीने गेले. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाण्याची त्यांची निवड शहाणपणाची होती, कारण येथील वारा बहुतांशी दक्षिणेकडून वाहतो. उलट दिशेने निघालेला प्रवासी दुपारनंतर वाऱ्याशी झुंजतच थकतो.

उच्च रक्तदाबासाठी ते गृहस्थ जी गोळी घेत, तिच्यात लघवी वाढवणारे औषधही होते. अशी संयुक्त गोळी आपल्याकडे असंख्य घरांत रोज घेतली जाते. वाळवंटात मात्र घामावाटे पाणी आणि क्षार जात असतानाच हे औषध त्यांना लघवीवाटेही बाहेर काढते. मग सायकलीवरून उतरताच डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून निघण्याच्या दोन महिने आधीच त्यांचे औषध मी बदलले आणि नव्या औषधावर दाब स्थिर राहतो, याची खात्री करून घेतली. मधुमेहाच्या काही गोळ्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. ‘ग्लिफ्लोझिन’ वर्गातील औषधे लघवीतून साखर व पाणी बाहेर टाकतात, तर ग्लिमेपिराइडमुळे श्रमांत रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. यांतील कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये; मात्र प्रवासाचा बेत आपल्या डॉक्टरांना तिकीट काढण्यापूर्वी सांगावा, नंतर नव्हे.

पाण्याविषयी आणखी एक गोष्ट. इकीके सोडल्यावर रस्ता समुद्राकडे पाठ फिरवून पठारावर चढतो आणि आरिकापर्यंत खोल दऱ्यांत उतरत-चढत राहतो. त्यांपैकी कामारोनेसच्या दरीत नदी वाहते. तहानलेल्या माणसाला ती अमृतासारखी वाटावी, परंतु तिच्या पाण्यात आर्सेनिकचे प्रमाण फार मोठे आहे. उकळून आर्सेनिक जात नाही, प्रवासी गाळणीनेही नाही. खुद्द आंतोफागास्ता शहराने १९५८ ते १९७० या काळात आर्सेनिकयुक्त नदीचे पाणी प्यायले आणि कर्करोगाच्या रूपाने त्याची किंमत पुढे कित्येक दशके मोजली. तेव्हा या टप्प्यात पाणी सोबत वाहून न्यावे, हेच उत्तम. एक लिटर पिण्याच्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे आपले घरगुती द्रावण तेथेही तितकेच उपयोगी पडते. चमचा मात्र चहाचा घ्यावा.

तरीही आजारी पडल्या त्या बाईच, आणि सोबत पाणी भरपूर असताना. पेरूतील इलो बंदराच्या अलीकडे त्यांना हुडहुडी भरून ताप आला, कंबरेच्या एका बाजूला तीव्र वेदना सुरू झाल्या. दूरध्वनीवर लक्षणे ऐकताच मी त्यांना गोळ्या न सुचवता रुग्णालयात जाण्यास सांगितले. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला की दुरून सल्ला देण्यात अर्थ नसतो. सहा दिवस त्या तेथे होत्या. कारण विचारले, तेव्हा त्या संकोचून म्हणाल्या, “डॉक्टर, तिथे आडोसाच नाही हो कुठे. म्हणून मी सकाळी पाणीच पीत नव्हते.” मैलोन्‌मैल झुडूप नाही, दगड नाही, आणि मालमोटारी सतत धावत असतात. सोळा दिवस त्यांनी हे सहन केले आणि शेजारून सायकल चालवणाऱ्या पतीला त्याचा पत्ताही नव्हता. तीस वर्षांच्या संसारातही ही गोष्ट बोलली गेली नाही, याचे मला नवल वाटले नाही. माझ्या दवाखान्यात कामावर जाणाऱ्या कितीतरी स्त्रिया याच कारणाने दिवसभर पाणी टाळतात. उपाय अगदी साधा निघाला. पुढच्या प्रवासात ते गृहस्थ तंबूची चादर दोन्ही हातांनी पसरून, रस्त्याकडे तोंड करून उभे राहत. दर दोन तासांनी थांबायचे, हे ठरूनच गेले.

भुकेचेही असेच. सकाळी अकराच्या सुमारास दोघांत हटकून वाद होई, आणि केळी व पाव खाल्ल्यावर तो आपोआप मिटे. रक्तातील साखर उतरली की माणूस चिडचिडा होतो. भूक लागण्यापूर्वी खावे, असे मी म्हणतो ते याचसाठी. हाताची करंगळी बधिर होणे ही दुसरी नेहमीची तक्रार. हँडलवर तळहाताच्या कडेची नस दाबली जाते. पकड वारंवार बदलावी, हँडल थोडे उंच करावे. बधिरपणा रात्रीही टिकू लागला, तर दोन-तीन दिवस सायकल बाजूला ठेवावी.

पेरूतील कुत्र्यांना मात्र हलके लेखू नका. चालत्या सायकलीमागे ती धावतात, आणि आरेकिपा प्रांतात, ज्याचा एक भाग याच किनाऱ्यावर आहे, २०१५ पासून कुत्र्यांतील रेबीज पुन्हा आढळू लागला आहे. कुत्रा धावून आला तर खाली उतरून सायकल मध्ये धरावी. चावा बसलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी, आधी प्रतिबंधक मात्रा घेतल्या असल्या तरीही.

लसींबाबत एक तपशील पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पेरूच्या कोरड्या किनाऱ्यावर पीतज्वराचा धोका नाही, तरी हा देश भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहे. तेथून सहा दिवसांच्या आत भारतात परतणाऱ्याकडे लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि लस केवळ नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. वय साठीच्या पुढे असेल किंवा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असतील, तर या लसीपूर्वी डॉक्टरांशी स्वतंत्रपणे बोलून घ्यावे.