फळीची खालची बाजू

चंदीगडच्या चौतीस सेक्टरात माझ्या मुलाच्या बिऱ्हाडी जे लिहिण्याचे मेज आहे, ते आमच्या आजोबांच्या झोपाळ्याच्या शिसवी फळीचे आहे. आणि संपादकमहाशयांनी घरगुती लाकूडसामानाचा आढावा मागितला तेव्हा तो लिहावयास मी त्याच मेजाशी बसलो, ही कबुली आरंभीच दिलेली बरी, म्हणजे पुढे निःपक्षपात न आढळल्याची तक्रार कोणी करणार नाही.

पाट, चौरंग, देव्हारा, फडताळ, सावंतवाडीचे लाखकाम, गोव्याच्या पोर्तुगीज वळणाच्या खुर्च्या, संखेड्याचे रंगीत खूर हे सारे वाचकांच्या परिचयाचे आहे. नक्षीकामावर तर आजवर इतकी शाई खर्ची पडली आहे की, सामानाला सांधेही असतात याचा आमच्या काही रसिक मित्रांना विसरच पडला. मी गेली तीस वर्षे एकच हेका धरून आहे, की खुर्ची पाहावयाची ती आधी खालून पाहावी. कुसू साळीत नीट बसले आहे की खिळ्यांवर वेळ मारून नेली आहे, हे तेथेच कळते, आणि ज्या घराने ती करवून घेतली त्याची ऐपत व नियत यांचा दाखलाही तेथेच मिळतो. स्मृतीपोटी वस्तू जपण्याचे आपल्याकडील थोर उदाहरण म्हणजे पुण्याचे दिनकर केळकर. अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहालयाला दिले, आणि तेथील कोरीव दारे पाहताना बापाचे दुःख उंबऱ्यापाशीच भेटते. परंतु संग्रहालयात गेलेल्या दाराला पुन्हा कडी लागत नाही, एवढी माझी कुरकुर आहे.

पंजाबात आल्यावर मला वेड लावले ते संदुकाने. लेकीच्या लग्नात द्यावयाची ही शीशमाची पेटी म्हणजे पायांवर उभी केलेली लहानशी खोलीच. समोर एक छोटे दार, त्यावर पितळी फुल्या, आत रजया आणि फुलकाऱ्या. (शिसव आणि शीशम एकच, असे छापील लेखात ठोकून देणाऱ्यांस सांगणे आहे की ते एकाच कुळातील चुलतभाऊ होत, एकाच्या सात-बाऱ्यावर दुसऱ्याचे नाव चढवू नये.) १९४७ साली अशी किती संदुके पलीकडे राहिली याची गणती कोणत्याही दप्तरी नाही. लाहोर गेले म्हणून हे नवे शहर वसले, आणि नव्या कचेऱ्यांसाठी सामान हवे म्हणून पिएर जानरे, उर्मिला युली चौधरी प्रभृती वास्तुविशारदांनी सागवान व वेताच्या त्या प्रसिद्ध खुर्च्यांचे आराखडे केले. जानरे १९६५ पर्यंत येथे राहिले. पुढे त्यांच्या अस्थी सुखना तलावात विसर्जित झाल्या. त्या वास्तुविशारदांच्या तुकडीत देठे हे आडनाव वाचून मराठी कान टवकारतात, हे जाता जाता.

कचेऱ्यांनी याच खुर्च्या मोडक्या म्हणून निकाली काढल्या, त्या भंगाराच्या भावाने लिलावात गेल्या आणि पॅरिस-न्यूयॉर्कच्या लिलावगृहांत लाखोंच्या झाल्या. २०११ साली केंद्राच्या गृहखात्याने विक्रीस व निर्यातीस मनाई केली, तोवर पुष्कळ माल देशाबाहेर पोचला होता. या खुर्च्यांच्या पाठीवर कचेरीची रंगवलेली अक्षरे असतात, त्यांवरून अस्सलपणा ठरतो. यात एका परकीय प्रतिभावंताचेच कर्तृत्व पाहणाऱ्या पंडितांशी माझे जमत नाही. आराखडा एक असूनही दोन खुर्च्या हुबेहूब सारख्या नसतात, कारण त्या निरनिराळ्या कारखान्यांतील मिस्त्र्यांच्या हातच्या आहेत. आणि त्या मिस्त्र्यांची नावे कोणी रंगवली नाहीत.

अलीकडच्या सामानाविषयी न बोललेले बरे. आमच्या शेजारच्या प्रदर्शन मैदानावर मेळा भरला की भुसा दाबून केलेल्या तक्त्यांवर छापलेले लाकूड विकावयास येते. पावसाळ्यात ते पापडासारखे फुगते, आणि घरची मंडळी म्हणतात, नवे घेऊ.

झोपाळ्याची फळी ट्रकातून येथे आली तेव्हा हाताशी घेतलेल्या वृद्ध शीख मिस्त्रींनी कड्यांची चार भोके दाखवून विचारले, “बाबूजी, सुराख भर दूँ?” मी नको म्हणालो. त्या भोकांच्या कडा लोखंडाने झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. एकात करंगळी घातली की दुपारची करकर ऐकू येते. मिस्त्रींनी मग फळी उलटी केली. खाली पटाशीच्या टोकाने मोडीत कोरले होते: लांबी साठ तसू, रुंदी अठरा. चोवीस तसूंचा गज ज्या सुताराच्या हाती होता त्याने आपले नावही पुढे कोरले असावे, कारण तेथे अक्षरांच्या शेपट्या दिसत होत्या. वरचे गेले होते. आदल्या संध्याकाळी हौसेने रंध्याचे दोन हात मीच मारले होते, आणि मिस्त्रींनी काही न बोलता रंधा माझ्या हातून काढून घेतला.

म्हणून वाचकांस एवढीच विनंती, की माळ्यावरचा पाट, पाळणा, आरामखुर्ची मिस्त्रीकडे वा भंगारवाल्याकडे धाडण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात एकदा उलटी करून पाहावी. आमच्या सुताराचे नाव आता कोणास सांगता येणार नाही.