जळोचीचें द्राक्ष आणि न्हावा-शेवा बंदर

बारामतीजवळील जळोची येथें राज्य कृषि पणन मंडळाचें निर्यात-केंद्र आहे. या टापूंतील द्राक्षांना समुद्रमार्गें परदेशीं जावयाचें, तर घाट उतरून न्हावा-शेवा गांठावें लागतें. मुंबई बेटाच्या पूर्वेस, खाडीपलीकडे, हें बंदर १९८९ सालीं सुरू झालें. पाण्यालगत धक्का व त्यावर उंच याऱ्या. मागें पेट्यांचें विस्तीर्ण आवार. त्यास जोडून रस्ते व लोहमार्ग, अशी त्याची मांडणी आहे. आवारांत शीतपेट्यांसाठीं विजेच्या जोडण्या असतात. कारण शून्य अंशाच्या आसपास राखलेलें द्राक्षच कित्येक आठवड्यांचा प्रवास सोसतें. वीज खंडित होऊन पेटी उन्हांत रखडली, तर देठ सुकतात, मणी गळतात आणि बागाइतदाराच्या वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडतें. म्हणून धक्क्यावरील विलंबाची झळ दूरच्या जळोचीसहि लागते.